यात्रेंतले पाळणे आणि मुलांची उंची

एस. टी.च्या गाडींत वाहक तिकिटें देत जवळ आला, कीं कित्येक घरांतील मुलांचें वय एकाएकीं कमी होतें. पांच वर्षांच्या आंतील मुलास तिकीट नाहीं, आणि पांचापासून बारा वर्षांपर्यंत अर्धें तिकीट, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. त्यामुळें सहावें वर्ष लागलेली ठकी "आतांच चार पुरीं झालीं" अशी होऊन आईच्या मांडीवर अंग चोरून बसते. तेंच कुटुंब संध्याकाळीं यात्रेंत पोहोंचतें. मोठ्या पाळण्याच्या फाटकाशीं उभा असलेला पोऱ्या तिच्याकडे पाहून म्हणतो, "लहान आहे, चालायची नाहीं." त्याबरोबर ठकीचें वय वाढूं लागतें. "अहो, सात संपत आलीं तिला," असें वडील ठासून सांगतात, आणि आई डोळ्यांनींच टाचा उचलण्याची खूण करते. सकाळच्या लबाडीनें महामंडळाचे चार पैसे बुडतात. संध्याकाळच्या लबाडींत पणास लागतो तो मुलीचा जीव. आणि ह्या दोन गोष्टींतील अंतर शहाण्यासुरत्या आईबापांच्याहि लक्षांत येत नाहीं.

जालना जिल्ह्यांत असे प्रसंग वर्षांतून अनेक वेळां येतात. आषाढी एकादशीस जुन्या जालन्यांत आनंदीस्वामींची यात्रा भरते. नवरात्रांत अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीच्या दर्शनास रीघ लागते. राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीस दूरदूरचे लोक येतात. रामनवमीस समर्थ रामदासांच्या जन्मगांवीं, जांब येथें, उत्सव होतो. देवदर्शन हें मोठ्यांचें निमित्त. मुलांचें लक्ष असतें तें पाळण्यांकडे. त्यांतच अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि जालन्याच्या कुटुंबांस शिर्डीचें दर्शन व तेथील जलक्रीडा उद्यान हीं दोन्ही एका दिवसांत उरकतां येऊं लागलीं. सुट्टी मोठी असली, तर खोपोलीजवळ २०१३ सालीं सुरू झालेल्या करमणूक उद्यानापर्यंतहि मजल जाते. म्हणजे एकाच घरांतील मुलांस दोन तऱ्हेच्या पाळण्यांची ओळख होते. एका ठिकाणीं फाटकावर उंचीची रेघ ओढलेली असते. दुसऱ्या ठिकाणीं अशी रेघ बहुधा कोठेंच नसते. पहिल्या ठिकाणीं रेघेशीं हुज्जत घालूं नये, आणि दुसऱ्या ठिकाणीं ती रेघ आईबापांनीं घरूनच बरोबर न्यावी, एवढेंच ह्या भाषणाचें सार आहे. परंतु ती रेघ नेमकें काय मोजते हें कळल्यावांचून ही गोष्ट मनास पटावयाची नाहीं.

पाळण्यांत बसून गरगरण्याची हौस जुनी आहे. पीटर मंडी नांवाच्या इंग्रज प्रवाशानें १६२० सालीं तुर्की साम्राज्यांतील फिलिपोपोलिस शहरीं, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील प्लॉवदिव्ह येथें, सणाच्या दिवशीं लोक उभ्या चाकाच्या पाळण्यांत फिरत असल्याचें पाहून लिहून ठेवलें आहे. आपल्या जत्रांतील लांकडी रहाटपाळणा त्याच जातीचा. तो माणसाच्या हातानें फिरे. त्यामुळें एखादें मूल घाबरून रडूं लागलें, तर फिरविणारा आपला हात आवरीत असे. १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथें लामार्कस टॉम्सन ह्यानें उंचसखल रुळांवरून घसरत जाणारी गाडी सुरू केली; तिचा वेग तासाला अवघा सहा मैल होता. १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस ह्या अभियंत्यानें २६४ फूट उंचीचें पोलादी चाक उभारलें. त्याला ३६ डबे असून प्रत्येक डब्यांत ६० माणसें मावत. पुढें वीज आली, तेलाचीं यंत्रें आलीं, वेग वाढत गेला, आणि माणसाच्या हाताची जागा खटक्यानें घेतली. यंत्रास मुलाचें रडणें ऐकूं येत नाहीं. म्हणून बसणाऱ्यास जागेवर बांधून ठेवण्याची गरज पडली. आणि बांधावयाचें म्हटलें, कीं अंगाच्या मापाचा प्रश्न आलाच. अमेरिकेंत अशा यंत्रांचीं मानकें ठरविण्यासाठीं १९७८ सालीं एक स्वतंत्र समिति स्थापन झाली. भारतीय मानक ब्यूरोचें 'आय. एस. १५४७५' ह्या क्रमांकाचें मानकहि ह्याच विषयावर आहे.

आतां त्या रेघेचा अर्थ पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं ती रेघ मुलाचें वय मोजते. कांहींना वाटतें, ती त्याचें धैर्य मोजते. म्हणूनच "आमचा बाळ कशालाहि भीत नाहीं" हें वाक्य फाटकाशीं इतक्या वेळां ऐकूं येतें. वस्तुतः वयाशीं तिचा संबंध दूरचा आहे आणि धैर्याशीं मुळींच नाहीं. रेघ मोजते ती एकच गोष्ट: मुलाचें शरीर आणि त्याला धरून ठेवणारा दांडा ह्या दोहोंचा मेळ. बसल्यावर पाठ मागें पूर्ण टेकते काय. पाठ टेकलेली असतांच गुडघे बैठकीच्या कडेशीं वांकतात काय. तळपाय खालीं पोहोंचतात काय. आणि दांडा मांडीवर येऊन बसतो कीं पोटावर, ह्या चार गोष्टी तिच्यांत सामावलेल्या आहेत. प्रत्येक बैठक कोणत्या तरी मापाचें शरीर मनांत धरून बनविलेली असते. मुलाची मांडी त्या मापाहून आंखूड असली, म्हणजे गुडघे वांकविण्यासाठीं तें पुढें सरकतें. पुढें सरकलें, कीं पाठीमागें पोकळी राहते. आणि हिसका बसला, कीं तें दांड्याखालून घसरूं लागतें. मोठ्या माणसाच्या कंबरेचीं हाडें रुंद व टणक असल्यामुळें दांडा त्यांच्यावर अडतो. लहान मुलाची कंबर अरुंद असते; तिच्यावर दांडा अडत नाहीं, तो वर पोटाकडे सरकतो. फाटकावरील मनुष्यास दर मुलाची मांडी मोजीत बसणें शक्य नसतें. उंची हें ह्या साऱ्या मापांचें एक सोपें चिन्ह आहे, म्हणून तो उंची पाहतो.

ह्याखेरीज मुलाच्या शरीराची ठेवणच निराळी असते. मोठ्या माणसाचें डोकें त्याच्या उंचीच्या सुमारें आठव्या हिश्शाइतकें असतें. नवजात अर्भकाचें चौथ्या हिश्शाइतकें. पांचसहा वर्षांचें मूल ह्या दोहोंच्या मधें कोठें तरी असतें. म्हणजे डोकें जड आणि मान कोवळी. गाडी एकदम वळली किंवा थांबली, म्हणजे ज्या हिसक्याची मोठ्या माणसास गंमत वाटते, तोच हिसका मुलाच्या मानेवर आदळतो. शिवाय "दांडा घट्ट धर, उठूं नको, हात बाहेर काढूं नको" ही सूचना ऐकणें निराळें, आणि भीतीनें जीव घाबरा झाला असतां ती पाळणें निराळें. चार वर्षांचें मूल घाबरलें, म्हणजे तें आईकडे धांवतें. पाळणा वर गेला असला, तरीहि त्याची धांव आईकडेच असते.

हिसका किती मोठा असतो, ह्याची कल्पना एका साध्या हिशोबानें येईल. समजा, तीन मीटर त्रिज्येचें एक आडवें चक्र तीन सेकंदांत एक फेरा पुरा करतें. अशा चक्रांत बसलेल्या प्रत्येकास त्याच्या वजनाच्या सुमारें सव्वापट ते दीडपट जोरानें बाहेरच्या बाजूस लोटल्यासारखें होतें. पांच वर्षांचें १८ किलोचें मूल बाहेरच्या कडेवर सुमारें २४ किलोंच्या भारानें दाबलें जातें. आतां त्याच बांकावर आंतल्या बाजूस ७० किलो वजनाचे वडील बसलेले असले, तर तेहि बाहेरच्याच बाजूस सरकणार. आणि त्यांचा भार ९० किलोंहून अधिक होऊन तो सगळा मुलाच्या बरगड्यांवर येणार. म्हणून फिरत्या चक्रांत मोठ्या माणसानें नेहमीं बाहेरच्या बाजूस बसावें आणि मुलास आंतल्या बाजूस घ्यावें. पुष्कळ वडील मुलाला गंमत दिसावी म्हणून ह्याच्या नेमकें उलट करतात.

दुसरी तितकीच घातक समजूत मांडीवर बसविण्याची. एका दांड्यामागें दोघें बसलीं, म्हणजे दांडा कोठें थांबतो? तो थांबतो जाड माणसाच्या मांडीवर. शेजारच्या मुलापर्यंत तो पोहोंचतच नाहीं. त्याच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. मूल मांडीवर घेतलें, तर त्याला बांधणारा दांडा उरतच नाहीं. उरतात ते आईचे किंवा वडिलांचे हात. हे हात घरच्या झोंपाळ्यावर पुरेसे असतात. परंतु पाळणा उतारावर आला, कीं अंग हलकें होऊन मूल वर उचलल्यासारखें होतें, आणि पुढच्याच क्षणीं दुप्पट जड होऊन खालीं बसतें. त्या वेळीं मोठ्या माणसाचे हात सहजच स्वतःला सांवरण्यासाठीं दांड्याकडे जातात. ह्यांत मायेची उणीव नाहीं. शरीराचा धर्मच तसा आहे. मायेनें धरलेलें मूल आणि दांड्यानें धरलेलें मूल ह्यांत यंत्राच्या दृष्टीनें फार फरक आहे.

उद्यानांतून आढळणाऱ्या रेघा बहुधा इंचांवरून आलेल्या असतात. ३६, ४२, ४८ आणि ५४ इंच हे आंकडे वारंवार दिसतात. सेंटिमीटरांत ते अनुक्रमें ९१, १०७, १२२ आणि १३७ होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ व २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या कोष्टकांशीं हे आंकडे ताडून पाहिले, तर मधल्या मापाचें मूल ९१ सेंटिमीटर अडीच वर्षांच्या सुमारास, १०७ साडेचार वर्षांच्या सुमारास, १२२ सातव्या वाढदिवसाच्या आसपास आणि १३७ दहाव्या वाढदिवसाच्या थोडें आधीं गांठतें. ह्या वयांत मुलगा व मुलगी ह्यांच्यांत फरक फार थोडा असतो. परंतु 'मधलें माप' ह्याचा अर्थच असा, कीं निम्मीं मुलें त्याहून ठेंगणीं असतात. पांच वर्षें पुरीं झालेल्या मुलाचें मधलें माप ११० सेंटिमीटर आहे. आणि कोष्टकाप्रमाणें खुरटेपणाची मर्यादा सुमारें १०१ सेंटिमीटरांपाशीं सुरू होते. म्हणजे एकाच वर्गांत बसणाऱ्या, एकाच वयाच्या दोन मुलांच्या उंचींत नऊ-दहा सेंटिमीटरांचें अंतर सहज पडतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानें खुंटलेली आढळली. तेव्हां "शेजारचा बंडू ह्याच्याच वयाचा, त्याला सोडलें, मग ह्याला कां नाहीं?" ह्या तक्रारीला कांहींच अर्थ नाहीं. पाळण्याला बंडूचा जन्मदाखला कळत नाहीं. त्याला मांडीची लांबी कळते. मुलाची उंची कोष्टकाहून फारच मागें असली, तर त्याची विचारणा डॉक्टरांकडे करावी. फाटकावरच्या पोऱ्याकडे नव्हे.

फाटकावर कधीं कधीं एकाऐवजीं दोन रेघा असतात. खालच्या रेघेपर्यंत पोहोंचलेल्या मुलास मोठ्या माणसाबरोबर बसतां येतें. वरच्या रेघेपर्यंत पोहोंचलेल्यास एकट्यानें. दोन्ही रेघांच्या मधल्या मुलाबरोबर बसणारा मनुष्य मोठा व सावध असावा लागतो. तेरा वर्षांचा दादा त्या कामीं उपयोगाचा नाहीं. लहानांच्या पाळण्यांस वरची मर्यादाहि असते, कारण मोठ्या शरीरानें छोटी बैठक मोडते किंवा दांडा पुरता मिटत नाहीं. मापाची ही दुसरी बाजूहि तितकीच महत्त्वाची आहे. मार्च २०२२ मध्यें अमेरिकेंत ऑर्लँडो येथें उंचावरून एकदम खालीं येणाऱ्या पाळण्यांतून एक चौदा वर्षांचा मुलगा निसटून पडला व मरण पावला. तो वयाच्या मानानें फार उंच आणि वजनानें भारी होता, आणि त्याच्या बैठकीचा खांद्यावरचा दांडा जितका खालीं यावयास हवा तितका आला नव्हता. लहानपण हा ह्यांत दोष नव्हता. बेमापपणा हा दोष होता.

पाण्याच्या उद्यानांत रेघेचा अर्थ थोडा बदलतो. तेथें घसरगुंडीच्या शेवटीं जें कुंड असतें, त्यांत उभें राहिल्यावर मुलाचें तोंड पाण्याच्या वर राहतें काय, हा पहिला प्रश्न. कृत्रिम लाटांच्या तलावांत तर छातीपर्यंतचें पाणी लाट आली कीं डोक्यावरून जातें. फुगवलेलीं चक्रें आणि दंडावरचे फुगे हीं खेळणीं आहेत, तारणारीं साधनें नव्हत. लहान मूल पाण्यांत असतांना मोठ्या माणसानें हाताच्या अंतरावर उभें राहावें. कांठावरच्या खुर्चींतून दिलेली हांक त्याला वांचवीत नाहीं. मूल बुडतें तेव्हां तें ओरडत नाहीं. तें मुकाट्यानें खालीं जातें.

ह्यावर घरच्या घरीं करतां येईल असा उपाय सोपा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीं मुलाची उंची मोजावी. पायांत कांहीं नसावें. टाचा, कुल्ले, खांदे व डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकावा. नजर सरळ समोर असावी. आणि डोक्यावर एखादें जाड पुस्तक आडवें ठेवून, तें भिंतीशीं काटकोनांत धरून, खालीं पेन्सिलीनें खूण करावी. केंस उंच बांधलेले असल्यास आधीं सोडावे. दोन वर्षांखालील मुलास निजवून मोजतात. सकाळीं मोजलेली उंची संध्याकाळच्यापेक्षां किंचित अधिक भरते, हेंहि ध्यानांत ठेवावें. अर्ध्या-एक सेंटिमीटरासाठीं भांडण होतें तें बहुधा ह्याचमुळें. अंगणवाडींतून उंची मोजण्याचीं साधनें असतात. तेथें घेतलेली नोंदहि उपयोगी पडते. उद्यानांत जावयाचें असेल, तर कोणत्या पाळण्यास किती उंची लागते हें आधीं पाहून, मुलांसमक्ष यादी करावी. "हे पांच आतां, हे तीन पुढल्या वर्षीं," असें घरींच ठरलें, म्हणजे दोन तास रांगेंत उभें राहून फाटकाशीं रडण्याचा प्रसंग येत नाहीं. टाचेखालीं कागद कोंबलेले जोडे घालून नेलेलें मूल मात्र आईबापांकडून दोन गोष्टी शिकतें: नियम फसविण्यासाठीं असतात, आणि आपल्याहून आपल्या हट्टाची किंमत मोठी आहे.

आतां रेघ नसलेल्या यात्रेकडे वळूं. तेथें फाटक म्हणजे एक दोरी, आणि पहारेकरी म्हणजे तिकिटें फाडणारा एक पोरगेला इसम. अशा ठिकाणीं वर सांगितलेल्या चार गोष्टींचीच परीक्षा आईबापांनीं स्वतः घ्यावी. पाळणा थांबलेला असतांना मुलास बसवून पाहावें. पाठ टेकली, गुडघे वांकले, तळपाय टेकले, दांडा मांडीवर आला, तर पुढें विचार करावा. चारांपैकीं एकहि गोष्ट चुकली, तर उतरवून घ्यावें. पांचवा प्रश्न असा, कीं दांड्याला खटका आहे काय, आणि तो मुलाच्या हातानें उघडतो काय. मुलास उघडतां येणारा खटका हा खटकाच नव्हे.

निरनिराळ्या पाळण्यांचे धोके निरनिराळे असतात. आकाशपाळणा संथ असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु तो वर थांबला असतां मूल वांकून खालीं पाहतें, उभें राहतें, किंवा दांडा आणि बैठक ह्यांच्यामधील फटींतून सरकतें. दांडा मुलाच्या छातीच्या वर येत असेल, तर तो त्याच्यासाठीं नाहींच असें समजावें. मोठ्या नौकेंत टोंकाच्या बांकांवर झोंका सर्वांत उंच जातो. मुलांनीं मधल्या बांकांवर बसावें. 'ब्रेक डान्स' म्हणून जें चक्र येतें, त्यांत टोपलीहि फिरते आणि तिच्याखालची फळीहि फिरते. दोन्हींचे वेग एकत्र आले, म्हणजे हिसका एकाएकीं वाढतो. तें सात-आठ वर्षांखालील मुलांसाठीं नव्हे. 'ड्रॅगन'ची छोटी गाडी व लांकडी घोड्यांचें चक्र हीं लहानांचीं खरीं वाहनें. तेथेंहि घोड्याला पट्टा असावा आणि शेजारीं मोठें माणूस उभें असावें. हवेनें फुगविलेल्या 'मिकी माऊस'वर पडण्याची भीति नसते. तेथें इजा होते ती मोठीं मुलें लहानांवर आदळल्यामुळें. म्हणून एका वेळीं एकाच मापाचीं मुलें सोडण्यास सांगावें. आणि कोणत्याहि पाळण्यांत बसण्यापूर्वीं मुलींच्या मोकळ्या वेण्या बांधाव्या. ओढणी, उपरणें, गळ्यांतील गोफ काढून ठेवावा. फिरत्या यंत्रांत अडकलेलें वस्त्र यंत्र थांबेपर्यंत सुटत नाहीं.

उंचीची रेघ ही सर्व संकटांवरील रामबाण मात्रा नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. १४ जुलै २०१९ रोजीं अहमदाबादेच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानांत झोंक्याचा एक मोठा पाळणा मोडून पडला व दोघांचा प्राण गेला. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पंजाबांत मोहाली येथील मेळ्यांत वरून खालीं येणारा पाळणा बसलेल्या लोकांसह जमिनीवर आदळला व अनेक जण जखमी झाले. ह्या ठिकाणीं उंची मोजून कांहीं उपयोग झाला नसता. दोष माणसांच्या मापांत नव्हता, यंत्रांत होता. जालना हें पोलादाच्या कारखान्यांचें शहर आहे. तेथील घरोघरच्या लोकांस हें निराळें सांगावयास नको, कीं एकदां ओढून न तुटणारी सळई हजारदां वांकविल्यावर तुटते, आणि ती बहुधा सांध्यापाशीं तुटते. यात्रेंतला पाळणा दर पंधरवड्यास उकलतात, ट्रकमधें भरतात, आणि नव्या जागीं पुन्हां जोडतात. म्हणून प्रत्येक नव्या गांवीं तो नवा पाळणाच समजला पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वयें सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या परवान्यांसंबंधीं नियम करतां येतात, आणि परवानगी देतांना यंत्राच्या तपासणीचा दाखला मागतात. हा दाखला पाहावयास मागण्यांत कोणताहि उद्धटपणा नाहीं. तो मिळाला नाहीं, तरी डोळे आपले असतातच. पाय ठेवलेल्या जागीं विटांचे तुकडे कोंबले आहेत काय, सांध्यांवर ताजा गंज उतरला आहे काय, खिळ्याच्या जागीं तार गुंडाळली आहे काय, आणि दोन फेऱ्यांच्या मधें कोणी दांडे ओढून पाहतो काय, एवढें तरी पांच मिनिटें उभें राहून पाहावें.

फाटकावरच्या पोऱ्याविषयीं एक गोष्ट सहसा कोणी विचारांत घेत नाहीं. त्याचा धनी फेऱ्यांवर पैसे मिळवितो. त्यानें "हो" म्हटलें, तर त्याचें कांहीं जात नाहीं, उलट तिकीट खपतें. त्यानें "नाहीं" म्हटलें, तर तेवढें तिकीट बुडतें, आणि शिवाय चार लोकांसमक्ष बोलणें ऐकून घ्यावें लागतें. म्हणून त्याच्या "हो"वर सावधपणें विश्वास ठेवावा. त्याच्या "नाहीं"वर मात्र डोळे मिटून ठेवावा. नुकसान सोसून सांगितलेली गोष्ट बहुधा खरी असते. सुशिक्षित गृहस्थ आपल्या पदवीचा व ओळखीचा दाब घालून त्याचें "नाहीं" बदलवितात, तेव्हां ते आपल्याच मुलाभोंवतीं घातलेलें कुंपण आपल्या हातानें मोडतात.

राहतां राहिला मुलाच्या रुसण्याचा प्रश्न, आणि तो लहान नव्हे. थोरलीला आंत सोडलें आणि धाकट्याला बाहेर ठेवलें, तर धाकट्याला तो अपमान वाटतो. "तूं अजून लहान आहेस" असें म्हटल्यानें तो अधिकच दुखावतो, कारण तें त्याच्या मतें खोटें असतें. कालच तर त्यानें एकट्यानें सदऱ्याच्या गुंड्या लावलेल्या असतात. त्याऐवजीं "हा दांडा अजून तुझ्या मापाचा नाहीं" असें खरें कारण सांगितलें, तर तें मुलांना लौकर पटतें. मोठा जोडा पायांतून निघतो, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. आईवडिलांपैकीं एकानें थोरलीबरोबर जावें, आणि दुसऱ्यानें तेवढा वेळ धाकट्याला त्याच्या मापाच्या पाळण्याकडे न्यावें. बाहेर उभें करून थोरलीची मजा पाहावयास लावूं नये. उलट, उंची पुरेशी असूनहि मूल "नको" म्हणत असेल, तर तें "नको" मानावें. रेघ परवानगी देते, आज्ञा करीत नाहीं. "मुलगा असून भितोस काय?" असें हिणवून वर चढविलेलें मूल मधेंच उतरण्याची धडपड करतें, आणि सर्वांत मोठा धोका तोच.

घरच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण केलेली असली, म्हणजे ह्या सगळ्या प्रकरणाला निराळेंच रूप येतें. दर दिवाळीस व दर उन्हाळ्याच्या सुट्टींत ती खूण वर सरकते. पांच वर्षांनंतर मूल सामान्यतः वर्षाला पांच-सहा सेंटिमीटर वाढतें. आज १०१ सेंटिमीटर भरलेल्या मुलाला १०७ची रेघ फार दूर नसते. एक वर्ष, फार तर दीड. पाळणे दर वर्षीं येतात. अंबडची यात्रा पुढल्या नवरात्रांतहि भरणार आहे, आणि त्या वेळीं ठकीला टाचा उचलाव्या लागणार नाहींत.